रक्ती, १८० ग्रॅम

पडद्यावर माझं नाव होतं. नावाखाली माझा फोटो, ओळखपत्रावरचा, ज्यात मी घाबरल्यासारखा दिसतो. आणि फोटोच्या बाजूला मी रविवारी दुपारी काय जेवलो ते.

ट्रेनिंग हॉलमध्ये एकसष्ट माणसं होती. कुठंही बसलो की माणसं मोजायची मला सवय आहे. कंपनीनं नेमलेल्या आहारतज्ज्ञ मॅडम दर पंधरा दिवसांनी यायच्या. त्या दिवशी त्यांनी आपला मोबाईल मोठ्या पडद्याला जोडला होता आणि कर्मचाऱ्यांनी ॲपमध्ये नव्यानं भर घातलेले पदार्थ एकेक करून दाखवत होत्या. कोणी गोळाभात लिहिला होता. कोणी पातोडीचा रस्सा. मॅडम कौतुक करत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. मग त्यांनी बोट सरकवलं.

"रक्ती," त्यांनी वाचलं. "हा काय प्रकार आहे?"

खाली कृती होती. मीच लिहिली होती. त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "बकऱ्याचं गोठलेलं रक्त, चारशे ग्रॅम. कांदा, दीडशे ग्रॅम..." आणि थांबल्या. मग त्यांच्या तोंडून "ई" असा आवाज निघाला. लहानसाच. पण समोर माइक होता.

हॉल हसला.

माझ्या गटाचा कप्तान पराग पुढच्या रांगेत बसला होता. क्वालिटी विभागातला इंजिनिअर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यानं मान मागे वळवली. हसत विचारलं, "काका, खरंच? तुम्ही लोकं अजून खाता हे?"

तुम्ही लोकं. अजून. त्याच्या आवाजात राग नव्हता, द्वेषही नव्हता. कुतूहल होतं. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर असतं तसं.

मी उभा राहिलो नाही. मी हसलो. सगळे हसत होते, त्यांच्यात मी माझंही हसू मिसळून दिलं.

आता क्रमानं सांगतो.

माझं वय बावन्न. बावीस वर्षं स्टोअर विभागात आहे, आधी हिंगण्याच्या, गेली अकरा वर्षं मिहानच्या कारखान्यात. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. येणारा प्रत्येक ट्रक माझ्या काट्यावर चढतो. मालाच्या चलनावर जे लिहिलंय आणि काट्यावर जे दिसतंय ते जुळलं तरच माझी सही होते. माझ्या सहीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

माझं स्वतःचं वजन ९१.४ किलो होतं. उंची १६७ सेंटिमीटर. साखर वाढलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऐंशीच्या आसपास या, नाहीतर इन्सुलिन. वडील याच साखरेत गेले, जायच्या आधी त्यांचा एक पाय गेला. त्यामुळे कंपनीनं वजन कमी करण्याची नव्वद दिवसांची मोहीम काढली तेव्हा मी पहिल्या दिवशी नाव दिलं. कोणी ढकललं नव्हतं. मला जगायचं होतं.

प्रत्येकाला एक काचेचा वजनकाटा मिळाला, मोबाईलला जोडलेला, आणि पावलं मोजणारा मनगटी पट्टा. काट्यावर उभं राहिलं की वजन आपोआप ॲपमध्ये जायचं. खाल्लेलं मात्र आपण हातानं लिहायचं. सहा-सहा जणांचे गट. कोणत्या गटाचं वजन किती घटलं त्याची यादी कॅन्टीनमधल्या टीव्हीवर रोज लागायची. घरातल्या दोन माणसांनाही सोबत जोडता येत होतं, त्यांची घटही गटाच्या खात्यात धरली जायची.

बायकोनं पहिल्याच दिवशी हात झटकले. "माह्या वजनाचं कंपनीले काय करायचं हाये? मले नको तुमचं थे." तिचं बरोबर होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आईला मी जोडलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वजन ४४.२ किलो. तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दर रविवारी वजन बघा, चाळीसच्या खाली जाऊ देऊ नका. एका काट्यावर आम्ही दोघं. मला उतरायचं होतं, तिला टिकायचं होतं. मोहिमेच्या ॲपमध्ये मात्र उद्दिष्ट एकच होतं, वजन कमी करणे. मी कंपनीच्या एचआर विभागाला मेल केला, आईसाठी 'वजन टिकवणे' असं काही आहे का. उत्तर आलं, सिस्टीममध्ये तसंच आहे, दुर्लक्ष करा.

पहिल्या रविवारी आई सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत, पलंगापाशी, काट्याकडे बघत उभी राहिली.

"बाबू, काचेवर उभी राहू का? फुटंल ना."

"नाही फुटत वं. दीडशे किलो झेलते."

"मंग तुह्यासाठीच आनला असंन."

बायको हसून हसून खाली बसली.

आईला दात नव्हते. कवळी करून दिली होती, ती डब्यात पडून असायची. मटण तिला चावत नव्हतं, पोळी जात नव्हती. जात होती ती रक्ती. मऊ असते. खाटकाकडून बकऱ्याचं गोठलेलं रक्त आणायचं, मिठाच्या पाण्यात उकळायचं, लहान तुकडे करायचे, मग कांदा-लसणात आणि तिखटात परतायचे. ज्वारीची भाकर त्या रश्श्यात कुस्करायची. दर रविवारी आई स्वतः करायची. उरलेली आम्ही सोमवारी सकाळी खायचो. त्या दोन दिवशी ती पोटभर जेवायची, बाकी पाच दिवस चिमणीसारखी.

आणि हे काही म्हातारपणाचे चोचले नव्हते. आई बिड्या वळायची. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही चार भावंडं होतो. मटण डोळ्यानंही दिसत नव्हतं. आई ॲल्युमिनियमची डेगची घेऊन खाटकाच्या मागच्या दाराशी उभी राहायची आणि जे दुसरं कोणी नेत नाही ते घेऊन यायची. माझी हाडं त्यावर झालेली आहेत. ही उपमा नाही.

ॲपमध्ये हजारो पदार्थ होते. किनोआ होता, चार तऱ्हेचा. रक्ती नव्हती. 'पदार्थ सापडला नाही. नवा पदार्थ जोडायचा का?' असं त्यानं विचारलं. मी जोडायचं ठरवलं. मोजायचं तर नीट मोजायचं. स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला आणि आईला म्हटलं, सांग.

"लिव. पानी उकळू दे. मंग मीठ टाक."

"किती?"

"अंदाजानं."

"ॲपले अंदाज चालत नाही वं आई."

"मंग त्याले सांग, तू कधी चुलीपाशी बसला नाही म्हना."

शेवटी तिच्या चिमटीतलं मीठ मी काट्यावर धरलं. सहा ग्रॅम. तिनं तीनदा घेतलं, तीनदा सहाच भरलं. माझ्या स्टोअरमधल्या काही माणसांचा हात इतका बसलेला नाही. एका वेळच्या वाढपात १८० ग्रॅम. सगळं लिहून झाल्यावर ॲपनं विचारलं, हा पदार्थ सर्वांसाठी खुला करायचा का?

मी 'हो' दाबलं.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. का दाबलं? कारण मला वाटलं, माझ्यासारखा कोणी असेल. रविवारी दुपारी ताटासमोर बसून तोही शोधत असेल आणि त्याला सापडत नसेल. त्याला उपयोग होईल. बावीस वर्षं मी कंपनीत एकदाही डब्यातून ही भाजी नेली नव्हती. बटाटा, शेंगा, चून, वांगं. बायकोनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, तसं ठरूनच गेलं होतं. आणि मोबाईलच्या त्या एका चौकोनापुढे मी विसरलो की पलीकडे तीच माणसं बसली आहेत.

आई शेजारीपाजारी सांगत होती, "माह्या हातचं मोबाईलमधी गेलं."

त्यानंतर तीन आठवडे मी प्रत्येक घास लिहिला. रविवार दुपार, सोमवार सकाळ. रक्तीच्या सहा नोंदी. चोविसाव्या दिवशी तो हॉल.

हॉलनंतर तासाभरानं एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. अतिशय नम्रपणे बोलल्या. "काका, प्लीज वाईट वाटून घेऊ नका. पण ती एन्ट्री एडिट करून टाका ना. चिकन करी लिहा. कॅलरी जवळपास तेवढ्याच पडतात. बाकीच्यांना थोडं अनकम्फर्टेबल होतं."

उद्या ट्रकमध्ये लोखंड आलं आणि चलनावर तांबं लिहिलं असेल, तर वजन सारखं आहे म्हणून मी सही करणार नाही. हे मला येतं. हेच मला येतं. तरी त्या केबिनमध्ये, चहाचा कप समोर असताना, मी मोबाईल काढला आणि सहा नोंदी बदलल्या. रक्तीच्या जागी चिकन करी. सहा वेळा. मग आईची कृती काढून टाकली. ॲपनं विचारलं, नक्की काढायचं? मी 'हो' दाबलं.

"थँक यू काका, यू आर व्हेरी अंडरस्टँडिंग," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधल्या दोन मायक्रोवेव्हपैकी एकावर कागद चिकटवलेला होता. 'फक्त शाकाहारी डब्यांसाठी.' माझ्या डब्यात चून होतं. बेसनाचं चून आणि पोळी. मी त्या मायक्रोवेव्हकडे गेलो तर मागच्या माणसानं घसा खाकरला. फक्त खाकरला. मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिलो. बेसन घेऊन.

हे सगळं माझ्यावर झालं. पुढचं मी केलं.

रविवारी सकाळी आई डेगची घेऊन दाराशी आली. "जातं का गा? उशीर केला तं सरते."

"आई, आता घरात नको थे."

"काहून?"

"ॲपमध्ये बसत नाही."

"थो ॲप कोन हाये? तुह्यापेक्षा मोठा सायेब हाये का?"

बायको हसली. मी हसलो नाही. मी म्हणालो, "कंपनीचं हाये. नोकरीचा प्रश्न हाये."

नोकरीचा काहीही प्रश्न नव्हता. ते मी त्या क्षणी तयार केलं. माझ्या आईशी मी बोललेलं ते सगळ्यात मोठं खोटं आहे.

आई माझ्याकडे बघत राहिली. "तुह्या नोकरीवर येते?"

"हो."

"मंग राहू दे." तिनं डेगची परत खिळ्याला अडकवली.

दोन दिवसांनी ती बायकोला सांगत होती. मी आतल्या खोलीत होतो, मला ऐकू येत होतं. "माह्या सासूले लोक पुसत, काय शिजवून राहिली वं, वास येते. थे दार लावून शिजवे. म्या कधी दार लावलं नाही. दीक्षा घेतल्यावर काहून लावाचं?" मग म्हणाली, "आता पोरानं लावलं."

तिला सगळं समजलं होतं. 

मी तिला दलिया दिला. ओट्स दिले. मुगाचं कढण. ॲपमध्ये हे सगळं होतं, हिरव्या खुणेसह. ती दोन चमचे घ्यायची आणि वाटी सरकवायची. "बिमाराची पेज हाये हे." रागावून नाही. सांगून टाकल्यासारखं. पाच दिवस चिमणीसारखं खाणारी आई सातही दिवस तसंच खाऊ लागली.

माझं वजन उतरत होतं. ८८. ८७. ८६. साखर खाली आली. मी रोज आठ हजार पावलं चालत होतो, मिहानच्या रिकाम्या रस्त्यांवर, सुटीनंतर. ॲप छान काम करत होतं, हे खोटं बोलणार नाही.

आईचंही उतरत होतं. ४३.१. ४२.४. सातव्या रविवारी ४१.३. प्रत्येक वेळी ती काट्यावरून उतरली की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडायचे आणि अक्षरं यायची, 'शाब्बास! तुम्ही ध्येयाच्या आणखी जवळ पोहोचलात!' आई विचारायची, "काय म्हनून राहिला?" मी म्हणायचो, "काही नाही."

बायको दोनदा म्हणाली, जाऊन रक्ती घेऊन या. मी म्हणालो, मोहीम संपू दे.

त्या सातव्या रविवारी परागनं गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. 'काकांच्या आई रॉक्स! आजींमुळे आपली टीम दुसऱ्या नंबरवर!' खाली अंगठे. टाळ्या. एकानं लिहिलं, आजींचा डाएट प्लॅन शेअर करा काका.

मी हात जोडलेलं चित्र टाकलं. टाकलं मी ते. लिहून ठेवतो, कारण हे कोणी माझ्याकडून जबरदस्तीनं करून घेतलं नव्हतं.

दहाव्या रविवारी ३८.६. मंगळवारी सकाळी आई मोरीच्या दाराशी बसली आणि तिला उठता येईना.

दवाखान्यात हिमोग्लोबिन ६.९ निघालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. वॉर्डातली डॉक्टर तरुण मुलगी होती, पायात साधी चप्पल, हातात कागद. तिनं मला विचारलं, "काय खातात?" मी सांगितलं. दलिया, कढण, ओट्स. "आणि आधी काय खायच्या? काही बंद केलंत का?"

वॉर्डात बारा खाटा होत्या. बाजूच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक डबा उघडून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "चिकन करी."

आईच्या तपासणीत. डॉक्टरसमोर. जिथं खरं सांगितलं नाही तर माणूस मरतो, तिथं. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच आधी कळलं नाही.

आईनं डोळे उघडले. तिचा आवाज बसला होता, पण साऱ्या वॉर्डाला ऐकू गेला.

"रक्ती खात होती मी, डॉक्टरबाई. बकऱ्याची. हा लाजते."

डॉक्टरनं लिहून घेतलं. मान वर न करता विचारलं, "मग बंद का केली? चांगली होती की."

तेवढंच. तिच्यासाठी ते पालक किंवा अंडं असल्यासारखंच होतं. बाजूचे लोक पुन्हा जेवायला लागले. काही कोसळलं नाही. कोणी "ई" म्हटलं नाही. आणि मी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभा होतो, आणि आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मला त्या क्षणी जे कळलं ते सांगतो. मला वाटत होतं हॉलमधल्या एकसष्ट माणसांनी माझा अपमान केला. केलाच. पण त्यांनी तो एकदा केला, चोविसाव्या दिवशी, चार मिनिटं. त्यानंतर सात आठवडे, रोज दोन वेळा, आईच्या ताटात तो मी वाढत होतो.

आई पाच दिवसांनी घरी आली. त्याच रविवारी मी डेगची घेतली आणि खाटकाकडे गेलो. पुढच्या दारानं. स्वतः केली. बायको बाजूला उभी राहून सांगत होती, मी करत होतो. कांदा थोडा करपला. भाकर कुस्करून, रस्सा घालून, आईला उशीला टेकवून बसवलं आणि चमच्यानं भरवलं.

एक चमचा. दुसरा.

"मीठ कमी झालं," ती म्हणाली.

तिसऱ्या चमच्याला तिनं माझा हात धरला. "आता जात नाही रे बाबू. तू खा."

मी खाल्ली. तिच्यासमोर, तिच्या ताटात. ती बघत होती. त्यापुढेही मी रोज काही ना काही करून बघत होतो. दोन चमच्यांच्या पुढे कधी गेलं नाही. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली.

मी असं लिहिणार नाही की एका ॲपनं माझी आई मारली. ते खरं नाही. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय थकलेलं होतं, रक्ती चालू असती तरी किती दिवस, हे सांगता येत नाही. मी ते मान्य करतो. पण ४४.२ मधून ३८.६ गेले तर ५.६ किलो उरतात. हे ५.६ किलो माझे आहेत. ते मला कोणालाही वाटून देता येत नाहीत.

आईला जाऊन वीस दिवस झाले तेव्हा मोहिमेचा बक्षीस समारंभ झाला. तोच हॉल. या वेळी मी माणसं मोजली नाहीत. माझं वजन ८४.९ झालं होतं. मला त्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं. मग पडद्यावर पुढची पाटी आली. 'कुटुंबीय गट, सर्वाधिक घट, १२.७ टक्के.' आणि आईचं नाव. पूर्ण नाव. बाजूला मी पहिल्या रविवारी काढलेला तिचा फोटो, काट्यावर उभी, पदर सावरत.

माझ्या रजेचा अर्ज एचआरच्या मॅडमनीच मंजूर केला होता, कारणाच्या रकान्यात 'आईचे निधन' असं लिहिलेला. बक्षिसांची यादी संगणकानं काढली होती. दोन्ही कागद त्यांच्याच टेबलावरून गेले. कोणी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत. त्यांनी माइकवर हसत म्हटलं, "आजी आल्या नाहीत का? त्यांच्या वतीनं काका, या."

टाळ्या. मी वर गेलो. माइक मागितला.

मी म्हणालो, "ही माझी आई आहे. ती वीस दिवसांपूर्वी गेली. तुम्ही ज्याला घट म्हणता, ती तिची भूक होती. ती रक्ती खायची. तुम्ही हसलात, मला लाज वाटली, आणि मी तिचं जेवण बंद केलं. ॲपमध्ये चिकन करीच्या सहा नोंदी आहेत, त्या खोट्या आहेत. त्या मी केल्या. मॅडमनी सांगितलं होतं, पण बोट माझं होतं. आज मी त्या दुरुस्त करतो आहे."

मी तिथंच मोबाईल काढला आणि काढून टाकलेलं रक्ती हे नाव आधी पुन्हा जोडलं. हातानं एकेक नोंद बदलायला वेळ लागतो. सहा नोंदींना मला साधारण तीन मिनिटं लागली.  प्लांटचे मुख्य साहेब पुढच्या खुर्चीतून हळू आवाजात म्हणाले, "आम्ही तुमच्या भावना समजू शकतो. बसा आता."

मी म्हणालो, "झालं की बसतो."

खाली उतरलो तेव्हा पराग उठून आला. त्याचे डोळे ओले होते, खोटे नव्हते. "काका, सांगायचं ना. आम्हाला काय माहीत?"

"विचारलं होतंस की तू," मी म्हणालो. "खरंच खाता का म्हणून. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देतो. हो. खातो. अजून. पुढेही."

त्यानं डोळे पुसले. मी त्याची समजूत काढली नाही.

प्रमाणपत्र मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. कोणाचंही जेवण त्याला विचारल्याशिवाय पडद्यावर दाखवू नये आणि मायक्रोवेव्हवरचा कागद काढावा. पोच घेतली. उत्तर आलं, विचाराधीन आहे. कागद अजून तिथंच आहे, एक कोपरा सुटला होता तो कोणीतरी पुन्हा चिकटवला. काही लोक माझ्याशी आता जास्त गोड बोलतात. काही बोलत नाहीत. कंपनीच्या गटातून मी बाहेर पडलो. काटा ठेवला. काट्याशी माझं भांडण नाही, त्यानं एकदाही चुकीचा आकडा दाखवला नाही. दर रविवारी मी उभा राहतो, वहीत लिहितो. गेल्या आठवड्यात ८३.७ होतं. मला जगायचं आहे, ते अजूनही खरं आहे.

सोमवारी मी डब्यात रक्ती नेतो. जो मायक्रोवेव्ह रिकामा असेल त्यात गरम करतो. पहिल्या सोमवारी माझ्या टेबलावरून चार जण उठले. दुसऱ्या सोमवारी तिथं कोणी बसलंच नाही. तिसऱ्या सोमवारी अकाउंट्समधली एक मुलगी पाणी घ्यायच्या निमित्तानं जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, आमच्याकडे पण करतात." एवढं बोलून ती आपल्या टेबलावर परत गेली. मी तिला दोष देत नाही.

पण माझ्यापुरतं ठरलं आहे. माझ्या घरातल्या ताटाचं नाव मी पुन्हा कोणासाठी बदलणार नाही. कोणाच्या सोयीसाठी नाही, चहा पाजला म्हणून नाही, नोकरीसाठीही नाही. दुपारी एक ते दीड मी कॅन्टीनच्या मधल्या टेबलावर असतो. ज्याला विचारायचं आहे त्यानं समोर येऊन बसावं. त्याला उत्तर मिळेल. डबा झाकला जाणार नाही.